गव्हावाचून बिस्कीट : खोबरं-दाण्याच्या कुकीमागचा इतिहास



हल्ली बचत गटांच्या प्रदर्शनात एक चक्कर मारली, की नाचणीची, ज्वारीची, खोबऱ्याची, शेंगदाण्याची बिस्किटं हमखास दिसतात. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'ग्लूटेन-फ्री' लिहिलेलं असतं. शहरातलं गिऱ्हाईक ते वाचून पाकीट उचलतं, म्हणून आपणही तो शब्द छापून घेतो. पण हा शब्द आला कुठून? कुणासाठी आला? आणि तो छापला की आपल्यावर कोणती जबाबदारी येते? आजच्या गप्पा त्याबद्दलच आहेत. शेवटी घरच्या कुकरमध्ये ही बिस्किटं कशी भाजायची, तेही सांगणार आहे.

आधी ग्लूटेन म्हणजे काय ते बघू. शेतात गव्हाचे दाणे तोंडात टाकून बराच वेळ चघळले, की शेवटी डिंकासारखा चिवट गोळा उरतो. लहानपणी आपण सगळ्यांनीच तो खाल्लाय. तो गोळा म्हणजे ग्लूटेन. गव्हातलं हे एक प्रथिन आहे. त्याच्यामुळेच कणीक ताणली जाते, पोळी फाटत नाही आणि पाव फुगतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा यांत ते नसतं. म्हणून तर भाकरी थापावी लागते, पोळीसारखी लाटता येत नाही. जवात म्हणजे सातूत आणि परदेशातल्या राय नावाच्या धान्यात मात्र याच जातीची प्रथिनं असतात.

बहुतेकांना गव्हाचा काही त्रास होत नाही. पण काही जणांच्या शरीराला हे प्रथिन चालतच नाही. ते पोटात गेलं, की आतड्याच्या आतलं नाजूक अस्तर झिजत जातं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. या आजाराला सिलिअ‍ॅक म्हणतात. मूल नीट जेवतं, तरी पोट फुगतं, हातपाय काड्यांसारखे होतात, जुलाब थांबत नाहीत, उंची वाढत नाही. मोठ्या बाईच्या बाबतीत कधी कधी एवढंच दिसतं, की लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त काही वाढत नाही.

हा आजार आजचा नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अरिटीअस नावाच्या ग्रीक वैद्यानं अशा रोग्यांचं वर्णन लिहून ठेवलंय. सिलिअ‍ॅक हे नावही ग्रीक भाषेतल्या पोट या शब्दावरून आलं. पण पोटात बिघडतंय ते कशामुळे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

१८८७ साली लंडनमधल्या मुलांच्या रुग्णालयात सॅम्युअल गी नावाच्या डॉक्टरांनी या आजारावर व्याख्यान दिलं. ते म्हणाले, हा रोगी बरा व्हायचा असेल तर तो खाण्यातूनच होईल. केवढी अचूक गोष्ट सांगितली! पण पुढे काय खावं आणि काय टाळावं, हे सांगताना त्यांनी भात आणि साबुदाणा बंद करायला सांगितला, आणि पाव मात्र पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून चालेल म्हणून सांगितलं. निरुपद्रवी भात गेला आणि बाधणारा पाव ताटात राहिला. त्यांनी एका मुलाची हकीगतही लिहिली आहे. आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांसारखे शिंपले त्याला रोज खायला दिले, तेव्हा ते मूल छान सुधारलं. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि ते पुन्हा आजारी पडलं.

१९२४ साली न्यूयॉर्कमध्ये सिडनी हास नावाच्या डॉक्टरांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवलं. पाव, धान्य, बटाटे सगळं बंद. मुलं भराभर सुधारली. सगळीकडे बोलबाला झाला, की केळ्यात औषध आहे. खरं तर मुलं सुधारली होती गहू बंद झाल्यामुळे. श्रेय केळ्याला मिळालं. म्हणून बरं वाटल्यावर मुलांना पुन्हा पाव दिला जायचा, आणि ज्यांना तो बाधायचा त्यांचं दुखणं परतून यायचं. गुण आला म्हणजे कारण कळलं असं होत नाही, हे या गोष्टीतून आपणही लक्षात ठेवावं.

मग खरं कारण सापडलं कसं? इथे आपल्या गोष्टीत एक आई येते. तिचं नाव इतिहासात राहिलेलं नाही.

नेदरलँड्समध्ये हेग शहरात मुलांचं एक रुग्णालय होतं. विलेम डिके हे १९३६ साली त्याचे प्रमुख झाले. तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. त्यांच्या पत्नीनं पुढे सांगितलेली आठवण अशी, की एका तरुण आईनं डॉक्टरांना सांगितलं होतं, "पोराचा पाव बंद केला की त्याच्या अंगावरचं पुरळ कमी होतं. पाव दिला की परत येतं." ती काही शिकलेली वैद्य नव्हती. पण रोज पोराला भरवणारा हात तिचा होता, आणि तिनं बघून ठेवलं होतं. डॉक्टरांचा मोठेपणा असा, की त्यांनी तिचं बोलणं उडवून लावलं नाही. गव्हाशिवायचा आहार देऊन ते मुलांकडे लक्ष ठेवू लागले. १९४१ साली त्यांनी त्यावर पहिला लेखही लिहिला.

तेवढ्यात युद्धाचा कहर झाला. १९४४-४५ च्या हिवाळ्याला डच लोक आजही भुकेचा हिवाळा म्हणतात. जर्मन फौजांनी पश्चिम भागाची रसद तोडली. लोकांनी ट्यूलिप फुलांचे कंद उकडून खाल्ले, साखरेचं बीट खाल्लं. सुमारे वीस हजार माणसं दगावली. पाव जवळजवळ दिसेनासा झाला. सगळा देश खंगत असताना सिलिअ‍ॅकची मुलं मात्र बरी राहिली. पुढे पाव परत मिळायला लागला, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ही मुलं पुन्हा आजारी पडली. त्या आईनं सांगितलेलंच दुष्काळानं डॉक्टरांपुढे पुन्हा मांडलं.

पण डिके एवढ्यावर थांबले नाहीत. मुलांना महिनोन्‌महिने ठरावीक आहार देऊन, कधी गहू घालून, कधी काढून, त्यांनी वजन, उंची आणि शौचातून वाया जाणारी चरबी यांची नोंद ठेवली. १९५० साली उट्रेख्टच्या विद्यापीठात त्यांनी आपला प्रबंध मांडला. १९५२ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम इथल्या डॉक्टरांच्या गटानं दाखवून दिलं, की गव्हातला स्टार्च निर्दोष आहे आणि घात होतो तो ग्लूटेनमुळे. त्या गटात शार्लट अँडरसन नावाच्या डॉक्टर बाई होत्या. 'ग्लूटेन-फ्री' या शब्दाचा जन्म या अशा खटाटोपातून झाला. आजारी लेकराला निर्धोक घास मिळावा म्हणून तो शब्द आला. विक्रीसाठी तो वापरायला लागले ते फार नंतर.

आता गोष्टीचा दुसरा धागा धरू. आजार कळण्याच्या कितीतरी आधीपासून गव्हाच्या पिठाशिवाय भट्टीत गोड पदार्थ होत होते. युरोपात बदामाची पूड, साखर आणि अंड्यातला पांढरा बलक एवढ्यावर एक बिस्कीट व्हायचं. त्याला मॅकरून किंवा मॅकरॉन म्हणतात. फ्रान्समधल्या नान्सी गावातली त्याची एक गोष्ट आपल्या बचत गटांनी ऐकावी अशी आहे. १७९२ साली, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, तिथल्या धार्मिक मठांवर बंदी आली. मठात राहणाऱ्या बायका रस्त्यावर आल्या. मार्गरीत गायो आणि मारी-एलिझाबेत मोर्लो या दोघी जोगिणींना गावातल्या एका घरानं आसरा दिला. हातात पैसा नाही, पण मठात केली जाणारी बदामाची बिस्किटं करण्याचं कसब होतं. त्यांनी ती करून विकायला सुरुवात केली. लोक त्यांना 'मॅकरॉनवाल्या बहिणी' म्हणू लागले. पुढे गावातल्या रस्त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. दोन निराधार बायका, एक कृती आणि चोख माल, एवढ्या भांडवलावर ते नाव झालं.

ज्यू लोकांनीही हे बिस्कीट जपलं. त्यांच्या पेसाह सणात आठवडाभर आंबवलेलं किंवा फुगवलेलं गव्हा-जवाचं काही खात नाहीत. मग सणाचं गोड काय करायचं? पिठाशिवायचं मॅकरून त्यांना सोयीचं पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नारळाचा वाळवलेला कीस डब्यातून मिळू लागला, तेव्हा अमेरिकेतल्या ज्यू घरांमध्ये महागड्या बदामाच्या जागी नारळ आला. त्या किसाच्या धंद्याचीही एक मजेदार हकीगत आहे. फिलाडेल्फिया शहरातले फ्रँकलिन बेकर हे पिठाचे व्यापारी. १८९० च्या दशकात क्यूबातल्या एका व्यापाऱ्यानं पिठाच्या पैशांऐवजी त्यांना जहाजभर नारळ पाठवून दिले. एवढे नारळ विकायचे कुठे आणि कसे? मग त्यांनी नारळ फोडून, किसून, वाळवून विकायचा उद्योग उभा केला. पिठाचा व्यापारी नारळाचा व्यापारी झाला.

ज्यू म्हटलं की दूर जायला नको. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले बेने इस्रायल मराठीच बोलतात. घाण्यावर तेल काढायचा त्यांचा धंदा होता, आणि शनिवारी ते काम बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्या शुभकार्यात मलिदा करतात : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, सुकामेवा. त्यात गव्हाचा कण नाही. यातले बरेच जण आता इस्रायलमध्ये आहेत, आणि मलिदा तिथेही होतो.

काजूची वाट वेगळी. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात तो आपल्या किनाऱ्यावर आणला. नावही त्यांच्याच भाषेतून आलं. आज वेंगुर्ल्याचा काजू म्हटलं, की तो परदेशी असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. तमिळनाडूतल्या तुतिकोरीन बंदरावर पोर्तुगीज, डच, इंग्रज असे सगळे येऊन गेले. तिथल्या बेकरीवाल्यांनी बदामाच्या जागी काजू घातला. काजूची पूड, साखर आणि फेटलेला पांढरा बलक यांचं शंकूसारखं टोकदार, तोंडात विरघळणारं मॅकरून ही आज त्या गावाची ओळख आहे. आपल्याकडे पिकतं ते घाला, असंच त्यांनी केलं.

गोव्यातल्या नाताळच्या फराळातला दोस हा हरभरा डाळ आणि खोबऱ्याचा, म्हणजे गव्हाशिवायचा. पण त्याच ताटातल्या बोलिन्य नावाच्या खोबऱ्याच्या बिस्किटांत रवा असतो, आणि रवा म्हणजे गहूच. नुसतं 'खोबऱ्याचं' म्हटल्यानं पदार्थ निर्धोक होत नाही, तो असा. आणि आपल्या घरी? नारळीपौर्णिमेची नारळाची वडी, उपासाचा दाण्याचा लाडू, राजगिऱ्याची वडी, तिळगूळ हे सगळं गव्हावाचून होतं. आपल्या आज्यांना ग्लूटेन हा शब्द ठाऊक नव्हता, पण पदार्थ ठाऊक होते. नवीन आहे ती फक्त भाजायची रीत.

आता कृती. दोन वाट्या सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस, एक वाटी शेंगदाण्याचं कूट, पाऊण वाटी गुळाची पावडर, तीन अंड्यांचा पांढरा बलक, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ. दाण्यांऐवजी काजूचं कूटही चालेल. दाणे आधी निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेला, बुरशी आलेला दाणा काढून टाका, कारण बुरशीचं विष भाजून जात नाही. खोबरं खवट नाही ना, ते चाखून बघा. दाणे भाजून, साल काढून, जाडसर कूट करा. मिक्सर जास्त फिरवला तर तेल सुटतं.

पांढरा बलक फेस येईपर्यंत फेटा, त्यात गूळ घाला, मग खोबरं आणि कूट घालून हलक्या हातानं कालवा. दहा मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे कीस ओलावा पितो. लिंबाएवढे गोळे करून चपटे करा. साधारण वीस-बावीस होतात. गव्हाच्या बिस्किटाला ग्लूटेन धरून ठेवतं, इथे ते काम अंड्याचं. अंडं चालत नसेल तर दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. ती बलकासारखी चिकट होते. बिस्किटं थोडी ठिसूळ होतील, पण होतील.

ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाच्या कुकरमध्ये बोटभर जाडीचा मिठाचा थर द्या, वर स्टँड ठेवा. झाकणाची रिंग आणि शिटी दोन्ही काढा. पाणी अजिबात घालायचं नाही. झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग तूप लावलेल्या ताटलीत बिस्किटं ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. गूळ लवकर करपतो, म्हणून पंधरा मिनिटांनी एकदा बघा. गरम असताना ती मऊच लागतात, गार झाली की कडक होतात. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा आणि आठवड्याभरात संपवा.

ही बिस्किटं पौष्टिक आहेत का? दाण्यांत प्रथिनं आहेत, मैदा नाही, वनस्पती तूप नाही, गोड बेताचं. हे चांगलंच आहे. पण गूळ ही शेवटी साखरच, आणि खोबऱ्यात चरबी भरपूर. दोन बिस्किटांत साधारण एका भाकरीएवढी ऊर्जा असते. वाढत्या मुलाला उत्तम. मधुमेहाच्या माणसाला 'गुळाची आहेत, खा हो' म्हणून देऊ नका. ज्यांना दाणे किंवा काजू बाधतात त्यांना तर मुळीच नाही. आणि ज्याला गहू पचतो, त्याला तो सोडून काही मिळत नाही. पोळी आपली वैरीण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा नियमांनुसार 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर एक किलो मालात वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. याचा हिशोब आपल्या भाषेत करू. कणकेत शंभर ग्रॅमला आठ-दहा ग्रॅम ग्लूटेन धरलं, तर किलोभर बिस्किटांत पाव ग्रॅम कणीक, म्हणजे एक चिमूट, पडली की मर्यादा ओलांडली! आणि चिमूटभर कणीक कुठून येते? गव्हाच्या मागोमाग तांदूळ दळणाऱ्या गिरणीतून. पोळ्या लाटलेल्या परातीतून. ज्या चाळणीनं मैदा चाळला तिच्यातून. पुड्यातल्या बांधानी हिंगातून, कारण त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे तिखट-मिठाच्या बिस्किटांत ते जपून. ओट्समध्येही शेतापासून गोदामापर्यंत कुठेतरी गहू मिसळलेला असतो.

म्हणून गटाला एक सुचवते. परात, चाळणी, मिक्सरचं भांडं, ताटल्या आणि साठवणीचे डबे वेगळे ठेवता येत असतील, पीठ घरच्या जात्यावर किंवा वेगळ्या चक्कीवर दळता येत असेल, आणि माल प्रयोगशाळेत तपासून घेतला असेल, तरच 'ग्लूटेन-फ्री' छापा. हे जमत नसेल तर सरळ लिहा : 'गव्हाचं पीठ न वापरता केलेली. याच जागी गव्हाचे पदार्थही होतात.' यात कमीपणा काही नाही. हौसेनं खाणारं गिऱ्हाईक तरीही घेईल. आणि ज्या आईचं लेकरू सिलिअ‍ॅकचं आहे, ती ते वाचून पाकीट खाली ठेवेल. तिला तेवढं कळणं हा तिचा हक्क आहे. आपल्या देशात, विशेषतः उत्तरेकडे, तपासणीत शंभरात एकाच्या आसपास माणसांना हा आजार आढळलाय. दक्षिणेत प्रमाण बरंच कमी आहे. तरी आपलं पाकीट आज कुठून कुठे जाईल, काय सांगता येतं?

आणि एक शेवटचं. तुमच्या वाडीत एखादं मूल खाऊनही वाढत नसेल, पोट सतत बिघडत असेल, तर आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात दाखवा. सिलिअ‍ॅकसाठी रक्ताची तपासणी असते. मात्र ती होईपर्यंत आपल्या मनानं गहू बंद करू नका, नाहीतर तपासणीत आजार सापडत नाही. आजार निघालाच, तर गहू कायमचा बंद. तेव्हा त्या घरातल्या आईला सांगा, की आपल्याकडे भाकरी आहे, भात आहे, नाचणीची आंबील आहे, आणि सणावाराला ही खोबरं-दाण्याची बिस्किटंही आहेत. दवाखान्यात बोलताना संकोच करू नका. पोरानं काय खाल्लं आणि मग काय झालं, हे तुम्ही बघितलेलं असतं. हेगच्या त्या आईनंही तेवढंच सांगितलं होतं, आणि तिथून सगळं सुरू झालं.